कचरापेटी रिकामी करताना

बग, म्हणजे संगणकाच्या प्रणालीतला दोष, नोंदवायचा तर नुसती तक्रार करायची नसते. काय काय केल्यावर बिघाड झाला ते पायरीपायरीनं लिहायचं असतं. इतकं सोपं, की दूर कुठेतरी बसलेल्या अनोळखी माणसालाही तोच बिघाड आपल्या संगणकावर घडवून पाहता यावा. वसईत मुलांचा संगणकाचा क्लास घेणाऱ्या संपदाला हे छान जमायचं. लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीची नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी तिच्यातलं मराठी ती तपासत होती.

तिच्याकडे टेलिफोनवरचं रखडणारं इंटरनेट होतं. म्हणून ती आपले बग लिनक्स मराठीत आणणाऱ्या गटाच्या श्रीरंगला ईमेलनं पाठवायची आणि विरारला राहणारा श्रीरंग ते लिनक्स प्रकल्पाच्या वेबसाइटवर चढवायचा. एकदा सायबर कॅफेत तिनं ती वेबसाइट उघडली. बग तिचे, वाक्यं तिची. नाव मात्र प्रत्येकावर श्रीरंगचं.

तिनं फोन केला.

"अगं, नावाचं काय घेऊन बसलीस? गटाचं काम आहे," तो हसत म्हणाला. "आणि तिथे तुला ओळखतं कोण? तू आपली पोरांना माऊस धरायला शिकव."

फोन ठेवल्यावर तिनं शेवटचा बग पुन्हा वाचला. हा सगळ्यात वाईट होता. डेस्कटॉप मराठीत असताना दोन शब्दांच्या नावाचं फोल्डर कचऱ्यात टाकून कचरापेटी रिकामी केली, की आपल्या सगळ्याच फायली पुसल्या जायच्या. मुलांसाठी केलेले तिचे धडे असेच गेले होते. म्हणून पहिल्या ओळीत तिनं आपल्या नावापुढेच लिहिलं होतं: हे संगणकावर नवं, रिकामं खातं उघडून त्यातच करून पाहा. नाव काढताना श्रीरंगनं ती सगळी ओळच उडवली होती.

तिनं पुन्हा फोन केला नाही.

नाताळच्या सुट्टीत व्हिन्सेंट भुईगावला घरी आला. तो बंगळूरला याच प्रकल्पात होता आणि मराठीची जबाबदारी कोणाकडे द्यायची ते तोच ठरवणार होता. चर्चच्या हॉलमध्ये गट जमला.

"श्रीरंग, तो कचरापेटीचा बग माझ्याकडे होतच नाही रे," व्हिन्सेंट म्हणाला.

"तुझा डेस्कटॉप इंग्रजीत असेल. थांब, दाखवतो."

श्रीरंगनं स्वतःचा लॅपटॉप उघडला. पडद्यावर त्याच्या लेकीच्या बारशाचा फोटो होता. संपदा तिसऱ्या रांगेत बसली होती. आत्ता एक वाक्य बोललं असतं तर पुरलं असतं.

"काही उडणार नाही ना?" व्हिन्सेंटनं विचारलं.

"छे! कितीदा केलंय मी."

त्यानं 'नवीन वर्ष' नावाचं फोल्डर बनवलं, कचऱ्यात टाकलं आणि सगळ्यांकडे वळला. "कळतंय ना मागच्यांना? संपदा, दिसतंय?"

"दिसतंय, दादा. करा रिकामी."

त्यानं बटण दाबलं. डेस्कटॉपवरची चिन्हं एकेक करून नाहीशी झाली. श्रीरंगनं हे फोल्डर उघडलं, ते उघडलं. आत काहीच नव्हतं.

"बापरे, खरंच होतंय की!" व्हिन्सेंट ओरडला. "हे घेऊन रिलीज जाऊच शकत नाही. पण तू नवीन खात्यात का नाही केलंस? तुला तर ठाऊक होतं."

श्रीरंग अजून एकेक फोल्डर उघडून बघत होता.

"त्याला ठाऊक नव्हतं," संपदा उठून म्हणाली. "त्यानं हा बग कधी करून पाहिलेलाच नाही. तो माझा आहे. नावात मोकळी जागा असली की कचरापेटी गोंधळते. एका शब्दाचं फोल्डर घ्या, काही होत नाही."

व्हिन्सेंटनं आपल्या मशीनवर नवं खातं उघडलं, डेस्कटॉप मराठीत केला आणि दोन्ही करून पाहिलं. तसंच झालं.

"बाकीचे बग?"

"तेही माझेच. कुठलाही विचारा."

त्यानं तीन विचारले. मग श्रीरंगकडे न बघताच संपदाला म्हणाला, "मराठी तू बघ."

"तुला माहीत होतं," श्रीरंग तिच्याजवळ येऊन पुटपुटला. "माझ्या पोरीचे सगळे फोटो होते गं त्यात. काही करता येईल का?"

आपल्याला वाईट वाटेल, अशी संपदाची समजूत होती. तसं काही झालं नाही.

"नाही," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून व्हिन्सेंटच्या शेजारी बसली.