पस्तिसाला टिक्

टिक्.

दुपारच्या सुस्त शांततेत तो आवाज पाण्यात खडा पडावा तसा पडला, अन् दीपमालेचा डोळा उघडला. मांडीवर पाच वर्षांची सई झोपलेली. समोर फरशीवर तिचा नवरा कुंदन, सायकलचा पंप, त्याला जोडलेलं एक बटण, दाब दाखवणारा काटा आणि टॉर्चचा एक बल्ब. पंप मारला की बल्ब लागायचा. हवा सोडता सोडता काटा पस्तिसावर आला की टिक्, बल्ब बंद.

कुंदन ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर. पण जीव सगळा दारातल्या जुन्या एस्टीममध्ये. तिच्या डिकीत नायट्रसची निळी बाटली. तो गॅस इंजिनात सोडला की गाडी उधळायची, पण मग पेट्रोलही तेवढंच जास्त लागायचं. ते कमी पडलं की आत नुसती कोरडी आग. पिस्टन वितळणार, अन् त्या वेगात पुढचं देवालाच ठाऊक. म्हणून हे बोटभर बटण. पेट्रोलचा दाब पस्तिसाखाली चालला की ते आपणहून गॅस तोडायचं.

"झोप की गं. राखण करतेस का माझी?"

"तुमची ही टिकटिक चालू असताना कसली झोप!"

"आता नाही वाजायचं इतक्यात. पंधरावर आणतो. गेल्या शर्यतीत अर्ध्या धावपट्टीवर गॅस तोडला मेल्यानं. जिंकत होतो मी."

"पंधरावर? मग बसवता तरी कशाला? दृष्ट लागू नये म्हणून?"

कुंदन हसला. "रविवारी ट्रॉफी घरी येऊ दे बाईसाहेब, मग बोल." त्यानं स्क्रू सैल केला, बटण फळीवर ठेवलं आणि दुसऱ्या पाळीला निघून गेला.

दीपमाला तशीच बसून राहिली. मखमलाबादच्या मळ्यात लहानपणी तिचं हेच काम होतं. झेंडूला पाणी चाललं की वडील, कोंडाजी, तिला विहिरीच्या काठावर बसवून जायचे. मोटरीचा सूर बदलला की ओरडायचं, 'पाणी तुटलं!' एकदा उन्हात तिला डुलकी लागली. झोपेत ती झेंडूवरून तरंगत होती, पिवळ्यावरून केशरीवर, केशरीवरून पिवळ्यावर. जाग आली ती जळक्या वासानं. मोटर गेली होती. वडील रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझ्या भरवशावर गेलो व्हतो, पोरी."

"आई, काजवा लाव ना." सई जागी झाली होती. त्या बल्बला ती काजवा म्हणायची.

दोघींनी मिळून पंप मारला. काजवा लागला. टिक्: पंधरा. दीपमालेनं बारीक किल्लीनं स्क्रू आत घेतला. पुन्हा पंप, पुन्हा काजवा. बावीस. एकोणतीस. खिडकीबाहेर एक विमान गुणगुणत गेलं, ते विरेपर्यंत ती थांबली. मग हळूच हवा सोडली.

टिक्. पस्तीस.

"झोपला काजवा," सई म्हणाली.

"बाबांना सांगायचं नाही हं इतक्यात."

रविवारी सकाळी जुन्या धावपट्टीवर ऊन वितळून वाहत होतं. त्या मृगजळावरून कुंदनची गाडी सुटली, जमिनीला न टेकताच चालल्यासारखी. सूर चढत गेला, चढत गेला, आणि अर्ध्या पट्टीवर एकाएकी मऊ झाला. शेजारची गाडी पुढे निघून गेली. 'पाणी तुटलं,' दीपमालेच्या ओठांवर आलं.

कुंदन परतला तो थेट बॉनेटखाली. पेट्रोलचा फिल्टर त्यानं हातावर उलटा केला, तर काळा गाळ.

"दाबाचा काटा घसरतच चालला होता," तो हळू म्हणाला. "पस्तिसाला टेकला अन् गॅस तुटला. अजून दोन सेकंद चालला असता ना, तर..." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण मी तर पंधरावर लावलं होतं."

दीपमालेनं तोंड उघडलं, पण ती बोलायच्या आत सईनं तिची ओढणी ओढली.

"आई, बाबा आपल्यामुळे हरले का गं?"