पेनं पूजेत आहेत

चंद्रमौली मॅनेजरांना एक कला फार छान साधली होती. काम दुसऱ्यानं करायचं आणि शाबासकी यांनी घ्यायची. कुंभकोणमच्या त्या भातगिरणीच्या ऑफिसात सेतुराम मिसरूड फुटल्यापासून मान मोडून राबत होता. ऑफिसात सगळे त्याला रायर म्हणत, तिकडे मराठी माणसाला म्हणतात तसं. पण मद्रासहून मालक, म्हणजे मुदलाळी, आले, की प्रत्येक कामावर मॅनेजरांचं एकच पालुपद, "मी केलं, मुदलाळी. स्वतःच्या हातानं!"

तेवढ्यावर भागलं असतं तरी सेतुरामनं गिळलं असतं. पण मॅनेजरांचा मेव्हणा वेंकटेश घरी बसून होता आणि त्याला नेमकी सेतुरामचीच खुर्ची आवडली. मग ठरलं, रायरला आडुतुरैला धाडायचं. तिथल्या शाखेत कारकुनानं गोदामामागच्या खोलीतच मुक्काम ठोकायचा. हुकूम टाइप झाला, मुदलाळींची सही तेवढी राहिली. ते सरस्वतीपूजेला येणार आणि संध्याकाळच्या गाडीनं परतणार. गाडीच्या घाईत मुदलाळी पुढे येईल त्या कागदावर न वाचता सही करतात, हे मॅनेजरांना पक्कं ठाऊक होतं.

सेतुरामची आई, अंबाबाई, अंथरुणाला खिळलेली. तिला उचलणं, कुशीवर वळवणं त्याच्या बायकोला, गोदाला, एकटीला झेपणारं नव्हतं. "मला टाकून जातोस की काय रे?" आईनं विचारलं. काय सांगणार, कप्पाळ!

पूजेची सगळी हमाली दरवर्षी सेतुरामच्याच गळ्यात. "आणि हे बघा रायर," मॅनेजर बोट नाचवत म्हणाले, "यंदा मुदलाळींसमोर पूजा आहे. पेन, शाई, शिक्के, काहीही बाहेर राहता कामा नये. समजलं?"

सेतुरामला समजलं. फारच छान समजलं. सरस्वतीपुढे ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशी पुनर्पूजा होईपर्यंत कुणी हात लावत नाही. त्यानं ड्रॉवर उपसले, पूजेला आलेल्या वेंकटेशच्या कानावरची पेन्सिलसुद्धा काढून घेतली, टाइपरायटरला गंध लावलं आणि ताट घेऊन मुदलाळींपुढे अदबीनं उभा राहिला. मुदलाळींनी खिशातलं सोनेरी टोपणाचं पेन काढून ताटात ठेवलं.

"वा! कुणी केली एवढी तयारी?"

"मी, मुदलाळी. स्वतःच्या हातानं!"

प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खाऊन झालं. गाडीची वेळ होत आली, तसे मॅनेजर हुकमाचा कागद घेऊन पुढे सरसावले. "एवढी सही, मुदलाळी." मुदलाळींचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. मॅनेजरांचा चेहरा खर्रकन उतरला. शेजारच्या दुकानातून पेन मागवावं, तर आज गावात कुणाचं पेन पूजेबाहेर असणार? एवढ्यात वेंकटेशला अक्कल सुचली.

"मुदलाळींनी अंगठा उठवला तर?"

"अंगठा?" मुदलाळी कडाडले. "मला अडाणी समजतोस?" शाईसुद्धा पूजेत आहे, हे सांगायचं धाडसही मग कुणाला झालं नाही. "एवढी घाई कशाची आहे ते बघतो मी. आणा तो कागद. आज जातच नाही."

रात्रभर सेतुरामचा डोळ्याला डोळा लागला नाही. सही टळली होती खरी, पण सकाळी पेनं पूजेतून निघणारच होती.

विजयादशमीला पुनर्पूजा आटोपली. मुदलाळींनी आपलं पेन उचललं आणि हुकूम पुढे ओढला. "वाचला मी हा. रायर आडुतुरैला जाऊन काय दिवे लावणार? तिथं रोज यंत्राचा पट्टा तुटतो, माणसं टिकत नाहीत, देवाला कुणी फूल वाहत नाही. तिथं सगळं स्वतःच्या हातानं करणारा माणूस पाहिजे. चंद्रमौली, तुम्हीच जा. आणि हा अंगठेबहाद्दरही न्या बरोबर."

मॅनेजरांना दरदरून घाम फुटला. "मुदलाळी, खरं सांगतो, मी काडीही हलवली नाही! सगळं रायरच करतात. पूजाही त्यांनीच केली. विचारा ना!"

इतक्या वर्षांत हे वाक्य ऐकायला सेतुरामचे कान आसुसले होते. आणि मेलं ऐकू आलं ते आज!

"हो का रायर?" मुदलाळींनी विचारलं.

मॅनेजर डोळ्यांत प्राण आणून त्याच्याकडे बघत होते. सेतुरामला क्षणभर त्यांची दयाही आली. मग त्याला आईचं अंथरूण आठवलं.

"छे छे, मुदलाळी. मॅनेजर सारांचा हा मोठेपणा," तो हात जोडून म्हणाला. "मी नुसतं ताट धरलं होतं."

"वाटलंच मला. घ्या पेन, लिहा नवा हुकूम."

सेतुराम आपल्या खुर्चीत बसला. कोऱ्या कागदावर त्यानं आधी 'श्री' काढला आणि सावकाश, वळणदार अक्षरात मॅनेजरांचं नाव लिहिलं.