जेवणापूर्वी हत्ती धुवा

सरकारी आरोग्य खात्याच्या कचेरीत, लोखंडी कपाट आणि हात धुण्याचं बेसिन यांच्या मधोमध शंकाबाईंचं टेबल होतं. प्रत्येक कागद तीनदा तपासायच्या, म्हणून सगळे त्यांना शंकाबाई म्हणत. दोन वर्षांचं प्रोबेशन शुक्रवारी संपणार होतं. मोठ्या साहेबांनी कागदावर 'कायम' हा एक शब्द लिहिला की नोकरी पक्की; नाही लिहिला तर घरी. आणि घरी आई रोज दारातच विचारायची, "झालीस का गं कायम?"

सोमवारी साहेबांनी हाक मारली.

"शंकाबाई, आपल्या खात्याकडे हत्ती किती?"

"एकही नाही, साहेब."

"मग हे काय?"

साहेबांनी टेबलावर शाळांसाठी छापलेला फलक पसरला. त्यावर भल्यामोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'जेवणापूर्वी हत्ती धुवा.'

बाईंनी आता ती ओळ तीनदा वाचली. छापखान्यातून नमुना आला तेव्हा त्यांनी जावक क्रमांक तीनदा तपासला होता, तारीख तीनदा तपासली होती. एवढ्या मोठ्या अक्षरांतली ओळ काय तपासायची, म्हणून तेवढी सोडली होती.

छापखानेवाला फोनवर शांतपणे म्हणाला, "आधी प्राणिसंग्रहालयाचं काम होतं हो. त्यांचा हत्ती आत राहिला. पण सही तुमचीच आहे, बाई."

"तीन हजार फलक लागलेत शाळांत!" साहेब म्हणाले. "हात राहिला बाजूला, आता नोकरी हातची जाईल तुमची. शुक्रवारच्या आत सगळे उतरवून आणा."

शंकाबाई तडक जवळच्या शाळेत गेल्या. मधली सुट्टी होती. नळाशी ही गर्दी! एक चिमुरडी पंजा उलटा धरून बोटांवर चालवत होती. मधलं बोट तेवढं पुढे काढून हलवत होती.

"हे काय गं?" बाईंनी विचारलं.

"हत्ती. ही सोंड, हे चार पाय." तिने साबण फासला. "आधी पाठ. मग पोट. मग पायांच्या मध्ये, तिथे चिखल असतो ना. मग नखं."

"माझ्या हत्तीला पण धू की," मागचा मुलगा म्हणाला.

"तुझा तू धू! माझा अजून एक राहिलाय. प्रत्येकाला दोन असतात, एवढंपण माहीत नाही?"

शंकाबाई बघतच राहिल्या. पाठ, तळवा, बोटांच्या बेचक्या, नखं. खात्याने दहा वर्षं परिपत्रकं काढूनही जे कुणाच्या गळी उतरलं नव्हतं, ते इथे एकही पायरी न चुकता चाललं होतं.

मुख्याध्यापिका लगबगीने आल्या. "बरं झालं आलात! महिन्याचा साबण चार दिवसांत संपला. फलक काढायला आला असाल, तर आधी या पोरांना समजवा. मला नाही जमायचं."

गुरुवारपर्यंत बाई वीस शाळा फिरल्या. फलक एकही निघाला नाही. साबणाच्या मागणीची वीस पत्रं मात्र मिळाली. शुक्रवारी दुपारी ती पत्रं त्यांनी साहेबांपुढे ठेवली.

"चूक माझीच आहे, साहेब. मी ती ओळ वाचलीच नाही. पण फलक उतरवू नका."

साहेबांनी वीसच्या वीस पत्रं वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग जेवणाचा डबा उघडला आणि त्यात हात घालणार, एवढ्यात शंकाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आधी हत्ती!"

साहेब उठले. बेसिनपाशी गेले. आजूबाजूला कुणी बघत नाही ना, हे पाहिलं. सगळेच बघत होते. तरी त्यांनी पाठ धुतली, पोट धुतलं, आणि दुसऱ्या हत्तीची सोंड जरा जास्तच वेळ धुतली.

मग ओल्या हातानेच त्यांनी पेन उचललं आणि बाईंच्या कागदावर एक शब्द लिहिला. पाण्याचा थेंब पडून 'का' थोडा पसरला.

शंकाबाईंनी तो शब्द तीनदा तपासला. वाचता येत होता.