पिवळूला मी चावलो

मित्रांनो, मी जालन्यातल्या एका दवाखान्याच्या काचपेटीतला म्हातारा सफाई मासा. बोटाएवढा, अंगावर निळी पट्टी. रॅस माशांच्या मोठ्या खानदानात लॅब्रॉइडीस हे आमचं घर. घरात जाती पाचच, पण धंदा सगळ्यांचा एक. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे किडे वेचून खायचे!

समुद्रात आमच्यापुढे गिऱ्हाइकांची रांग लागायची. भले भले दांडगे मासे जबडा उघडून उभे राहत आणि मी बेधडक आत शिरून दात साफ करून येई. गिळलं कुणी? छे! तेवढी पत होती आमची. मग एक दिवस जाळ्यात सापडलो आणि पाण्याच्या पिशवीतून इथे आलो.

इथे माझं गिऱ्हाईक एकच, पिवळू. पिवळाधमक, बशीएवढा, स्वभावानं अगदी गरीब. रोज सकाळी माझ्यापुढे पर पसरून, कल्ले उघडून निवांत उभा राहायचा. डॉक्टर रजनीबाईंकडे आलेली पोरं रडणं विसरून आम्हाला बघायची. पेटीची देखभाल करणारे अजमतचाचा त्यांना सांगायचे, "पाह्यलं का? कसं बराबर काम करून राह्यला!"

पण मला हाव सुटली. किड्यांपेक्षा माशाच्या अंगावरचा चिकट थर चवीला फार गोड लागतो. एकदा हळूच लचका घेतला. पिवळू दचकला, तरी दुसऱ्या दिवशी आला. मी पुन्हा चावलो. असं कितीदा केलं, सांगायची लाज वाटते. शेवटी तो माझ्याकडे फिरकेनासा झाला.

पुढे चाचांनी एक नवा मासा आणून सोडला. त्याच्यासोबत किडे आले आणि पिवळूला चिकटले. बिचारा दगडावर अंग घासायचा. मी जवळ गेलो की भिऊन पळायचा. बाईंनी औषध टाकलं, पण तोवर तो पार खंगला होता. शेवटच्या दिवशी मात्र तो आपण होऊन आला. थरथरत होता, तरी कल्ले उघडून उभा राहिला. मी एकेक किडा वेचला. एकदाही चावलो नाही. संध्याकाळी पिवळू गेला.

त्याला जाळीनं उचलताना चाचांचे डोळे भरून आले. "मॅडम, माझंच चुकलं. नवा मासा आठ दिवस अलग ठेवायचा होता. म्या जल्दी केली."

"अहो चाचा, मनाला लावून घेऊ नका," बाई म्हणाल्या.

पण ते लावून घेतलंच त्यांनी. आता ते पोरांना काही सांगत नाहीत. पेटी पुसायला हात घालतात तेव्हा मी त्यांची बोटं साफ करतो. "तू तरी गुणाचा राह्यला रे," म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

मित्रांनो, तुम्हाला बोलता येतं. चूक तुमची असेल तर सांगून टाका. माझ्या चाचांसारखं कुणाला दुसऱ्याचं ओझं वाहू देऊ नका.