साडूंची आडवी रेघ

छापखान्यात दोन मुद्रितशोधक होते आणि दोघेही मालकांचे जावई. इंग्रजीतले दोन शब्द जोडताना मधे हायफन द्यायचा की नाही, यावरून या साडूंचं रोज वाजायचं. थोरले हायफन काढायचे, धाकटे घालायचे. बायकांनी त्यात पडणं केव्हाच सोडलं होतं.

त्या सकाळी थोरल्यांनी कागदावरच्या मुंगीवर लाल पेनाने 'काढून टाका'ची खूण केली. मुंगी खूण ओलांडून निघून गेली. धाकट्यांनी ते पाहिलं आणि त्यांना कळलं. गेल्या पुस्तकात सुटलेले हायफन मतभेदाचे नव्हते, थोरल्यांच्या डोळ्यांचे होते.

दुपारी सासऱ्यांनी दोघांना आत बोलावलं. टेबलावर एक पान, एक लाल पेन.

"तक्रार आली आहे," सासरे थोरल्यांना म्हणाले. "माझ्यासमोर हे तपासा. जमलं तर खुर्ची तुमची. नाही तर जावई म्हणून रविवारी जेवायला या."

थोरल्यांनी पेन उचललं. ते पानावर नुसतं तरंगत राहिलं. बाहेरचं मशीनही नेमकं तेव्हाच थांबलं.

"बघा मामा, हे आता तिसऱ्या ओळीत हट्ट धरणार," धाकटे म्हणाले. "'वेल नोन डॉक्टर'. नामाच्या आधी आलंय, मधे हायफन हवा. पण यांना पटेल तर ना."

थोरल्यांचा हात थबकला.

"मला शिकवू नका," म्हणत त्यांनी बोटाने ओळी मोजल्या आणि तिसरीत हायफन घातला.

"सातवीत 'द डॉक्टर इज वेल नोन'. तिथे नामानंतर आलंय, तरी कुणीतरी हायफन ठोकलाय. तो मात्र ठेवाल."

"तुमच्याइतका वेडा नाही मी." हायफन खोडला गेला.

"आणि शेवटच्या ओळीत 'हायली पेड'..."

"'ली'नंतर लागत नाही. माझ्या मेव्हणीलाही ठाऊक आहे, तिच्या नवऱ्याला नसेल."

सासऱ्यांनी पान ओढून घेतलं. बराच वेळ पाहिलं.

"बरोबर आहे," सासरे म्हणाले. "उद्यापासून दोघं एकाच टेबलावर बसा. भांडण असंच मोठ्याने चालू द्या." मग धाकट्यांकडे न पाहता, "आणि संध्याकाळी यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा."

जिन्यावर थोरल्यांनी धाकट्यांचा दंड धरला.

"तिसऱ्या ओळीतला हायफन मला अजून पटलेला नाही."

"दिसायला लागला की काढा," धाकटे म्हणाले. "पुढे पायरी आहे."