येण्यात कसला त्रास?

अर्ज फेटाळला गेला, हे झूराकानला भाच्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. मेलिस एरवी ब्रुकलिनमध्ये टॅक्सी चालवतो. आज न्यूयॉर्कच्या न्यायालयात दुभाषा म्हणून मावशीशेजारी बसला होता, आणि बोलायचं सोडून टाय सैल करत होता.

"बोल की! दातखीळ बसली का?"

"मावशी, न्यायाधीशबाई म्हणतात, बिश्केकला जा. तिकडचं न्यायालय जास्त सोयीचं."

"अरे, तिकडं तर आपण जिंकलोय!"

जिंकले तर होतेच. नारिन नदीपलीकडच्या गावातल्या बायकांचे शिरदाक, म्हणजे लोकर लाटून, नक्षी शिवून केलेले जाड गालिचे, न्यूयॉर्कच्या एका गॅलरीनं प्रदर्शनासाठी नेले आणि परत करायचं नाव घेतलं नाही. करारात ठरल्याप्रमाणे बिश्केकच्या लवादानं निवाडा दिला: गालिचे परत करा. पण गालिचे इथल्या गोदामात, कुलपाआड. बिश्केकचा बेलीफ ते कुलूप कसं उघडणार? म्हणून तर निवाडा इथं बजावून घ्यायला ती एवढी लांब आली होती. आता पुढच्या महिन्यात गॅलरी त्यांचा लिलाव करणार, आणि अडवणारं कुणी उरलं नव्हतं.

गालिचे घरोघर फिरून तिनंच गोळा केले होते. कलिपा म्हातारीनं तर नातीच्या लग्नासाठी जपलेला काढून दिला होता, "तू म्हणतेस ना, मग ने," म्हणून. कलिपाची बोटं आता सुई धरत नाहीत. तिला आता काय तोंड दाखवायचं?

"पण सोयीचं का म्हणे?" झूराकाननं विचारलं.

तिच्या वकील रूथबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि हुकमातला एक भाग वाचला. मेलिसनं तो खालमानेनं सांगितला. कागद तिकडं, साक्षीदार तिकडं. शिवाय अर्जदार बाई स्वतःच शपथेवर म्हणाल्या आहेत, "येण्यात कसला त्रास? विमान राजधानीतच उतरतं, पुढं रस्ता डांबरी. मेंढी कापते, न्यायाधीशबाईंनाही आणा."

साक्षीदार आता कशाला हवेत, ते देवच जाणे. लवादापुढं सगळ्यांच्या साक्षी कधीच झाल्या होत्या.

झूराकानला ती दुपार आठवली. वकिलांच्या कचेरीत तिची जबानी संपत आली होती. गॅलरीचे वकील कार्वर, पांढऱ्या केसांचे, गोड बोलणारे, त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, तुमच्याकडे यायचं झालं तर आम्हाला फार जड जाईल का? आता पिकल्या केसांचा माणूस घरी यायची भाषा करतोय, त्याला काय येऊ नका म्हणायचं? आमच्यात दाराशी आलेल्या वैऱ्यालाही आधी चहा मिळतो. घाटात बर्फ पडलं की रस्ता बंद होतो, विमानं बदलता बदलता जीव मेटाकुटीला येतो, हे सगळं तिनं गिळलं. रूथबाई टेबलाखालून पाय मारत होत्या, तर हिला वाटलं, बाईंना बसायला अडचण होतेय. ही आपली सरकून बसली! मेंढीचं ऐकून सगळे हसले. जबानी टंकणारी बाईही हसली, पण तिची बोटं थांबली नव्हती.

"वर दाद मागू," रूथबाई म्हणाल्या, "पण लिलाव त्याआधी होऊन जाईल."

बाहेर लिफ्टपाशी कार्वर भेटले. त्यांनी मनापासून हात मिळवला. "तुमचा देश एकदा बघायचाय खरंच," ते म्हणाले.

'या' म्हणायला तिचं तोंड उघडलंही होतं. तिनं ते मिटलं.

"त्यांना सांग, आमचं गाव फार लांब आहे. रस्ता वाईट आहे. येऊ नका."

मेलिस चपापला. "मावशी, पाहुण्याला असं बोलतात का?"

"सांग म्हणते ना!"

त्यानं सांगितलं. कार्वर ऐकून हसले, मान हलवली आणि लिफ्टमध्ये शिरले. जन्मात पहिल्यांदा झूराकाननं कुणाला येऊ नका म्हटलं होतं, आणि ते लिहून घ्यायला तिथं कुणी नव्हतं.