मी बांधलेली बँकेची इमारत

मित्रांनो, मी एक जुनी क्रेन आहे. आता गोदामामागे आडवी पडले आहे. अंगावर गंज चढला आहे. एके काळी मात्र या शहरात माझ्याएवढं उंच कोणीच नव्हतं.

कारखान्यात माझा सांगाडा जोडला, पिवळा रंग दिला आणि मला थेट बँकेच्या कामावर आणलं. मला चालवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. गाणं गुणगुणत जड लोखंडी तुळई तो अशी अलगद टेकवी, जणू झोपलेलं मूलच खाली ठेवतोय. लोक माना वर करून बघत, वाहवा करत. मीही फुशारून जाई.

अठराव्या मजल्यावर उस्तादचा हात थबकला. इमारतीची सावली शेजारच्या गल्लीत, त्याच्याच घराच्या खिडकीवर पोचली होती. त्या खिडकीशी बसून त्याची बायको शिवणकाम करायची.

पाहणीला आलेल्या बँकेच्या साहेबांना त्याने गाठलं.

"साहेब, बँकेला एवढे मजले लागतात तरी कशाला?"

साहेब हसले. "आम्हाला चारच पुरतात, बाकीचे भाड्याने देऊ. पण पलीकडच्या बँकेपुढे बुटके दिसलो, तर लोक आपली पुंजी आमच्याकडे ठेवतील? भरवसा डोळ्यांना दिसावा लागतो, उस्ताद. आणि उंच बांधायला पैसा लागतो. तो आमच्याकडेच असतो!"

दुपारी बायको डबा घेऊन आली. तो म्हणाला, "मी हे काम सोडतो."

"अहो, सोडून काय होणार? उद्या दुसरा कोणी वर चढेल. सावली पडायची ती पडणारच. निदान चूल तरी पेटती राहू दे."

उस्ताद पुन्हा वर आला. त्यानंतर तो कधी गुणगुणला नाही.

इमारत पुरी झाली. भाषणं झाली, हारतुरे झाले. उस्तादला कोणी बोलावलंसुद्धा नाही. काही वर्षांनी दुसऱ्या कामावर तो सोबत्याला सांगत होता, "बायको भर दुपारी दिवा लावून शिवते. नजर अधू झाली. नाजूक काम सुटलंच तिचं." ते ऐकून मला माझ्या उंचीची लाज वाटली.

पुढे नव्या क्रेन आल्या आणि मी इथे येऊन पडले. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठाल्या इमारती बांधाल. खुशाल बांधा. पण आधी शेजारच्या गल्लीत जा, दारं ठोठावा आणि विचारा, "तुम्ही खिडकीशी बसून काय करता?" मला विचारायला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.